थंड पाण्यातले वीस सेकंद

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ऐन जानेवारीत एखाद्या मोठ्या तलावावर गेलात, तर होडीत एक माणूस बसलेला दिसेल. कानटोपी, जाड कोट, बोटे उघडी ठेवणारे हातमोजे आणि हातात गळाची काठी. तो तंगूस दोनदा हलकेच हिसकतो आणि मग गप्प बसतो. ओठ मात्र हलत असतात. जवळ जाऊन ऐकले तर कळते की तो आकडे मोजतो आहे. वीसपर्यंत मोजून झाले की पुन्हा दोन हिसके आणि पुन्हा मोजणी. सकाळपासून दुपारपर्यंत हेच चालते.

माझा भाचा नोकरीनिमित्त त्या बाजूला राहतो आणि त्यालाही हा शौक लागला आहे. मध्यंतरी फोनवर तो म्हणाला, "खाला, उन्हाळ्यात गळ टाकायला हुनर लागतं. हिवाळ्यात फक्त काही न करता बसायला यावं लागतं, आणि तेच जमत नाही." पोराचे बोलणे मला आवडले, म्हणून या विषयाची माहिती गोळा करत गेले. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत गरवायला जाणारी माणसे आहेत. विदर्भ-मराठवाड्यातही धरणाच्या काठावर बसणारी आहेत. त्यांना यातले काही ओळखीचे वाटेल, काही अगदीच नवे.

आधी माशाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव बास. आपल्याकडे 'बास' म्हणजे पुरे, आणि या माशाची भूक मात्र कधी पुरी होत नाही. नावाचा आणखी एक घोळ आहे. रायगडकडे ज्याला जिताडा आणि गोव्यात ज्याला चणक म्हणतात, त्यालाही इंग्रजीत आशियाई समुद्री बास असे नाव आहे. पण दोघांचे नाते फार लांबचे. आपला जिताडा खाडीत आणि समुद्रात वाढतो. अमेरिकेतला हा काळा बास गोड्या पाण्याचा, नद्या-तलावांतला. त्याच्या दोन जाती सर्वांत प्रसिद्ध आहेत, एक मोठ्या तोंडाचा बास आणि दुसरा लहान तोंडाचा बास. मोठ्या तोंडाचा हिरवट असतो, अंगावर काळपट पट्टा असतो आणि जबडा उघडला की मूठ आत जाईल एवढा. तो पाठलाग करून दमणारा शिकारी नाही. बुडालेल्या झाडाच्या आडोशाला, गवतात, खडकाच्या कपारीत दबा धरून बसतो आणि समोरून काही गेले की झडप घालतो. लहान मासा, बेडूक, खेकड्यासारखा गोड्या पाण्यातला क्रेफिश, कधी पाण्यात पडलेला उंदीरसुद्धा. हलणाऱ्या वस्तूवर झडप घालण्याच्या या सवयीमुळेच लाकडाचे, रबराचे, पत्र्याचे आमिष त्याला फसवू शकते. या नकली आमिषाला ल्यूर म्हणतात.

उन्हाळ्यात हे सोपे असते. पाणी उबदार, मासा तरतरीत. ल्यूर जोरात ओढले तरी तो धावत येतो. खरी परीक्षा थंडीत.

सातवीच्या वर्गात 'शीतरक्ती प्राणी' शिकवताना मुले हमखास विचारतात, "टीचर, मग माशाला थंडी वाजते का?" आपल्यासारखी वाजते असे म्हणता येत नाही, पण त्याचे सगळे शरीर थंडीच्या हुकमात असते. बाहेर कितीही थंडी असली तरी आपल्या शरीराचे तापमान सदतीस अंशांच्या आसपास राहते, कारण आपण खाल्लेल्या अन्नातले बरेचसे ते तापमान राखण्यातच खर्च करतो. मासा हा खर्च करत नाही. पाणी सहा अंशांवर गेले की त्याचे अंगही जवळपास सहा अंशांवर. स्नायू मंद, पचन मंद. उन्हाळ्यात झटपट पचणारा घास थंडीत पोटात कितीतरी जास्त वेळ पडून राहतो. तो खातच नाही असे नाही. पण एका घासासाठी लांब धाव घेतली तर मिळकतीपेक्षा खर्च जास्त, हे त्याच्या शरीराला बरोबर कळते. म्हणून तो कमी हलतो, अगदी तोंडापुढे आलेला घास घेतो, आणि तोही आरामात.

आता पाण्याची एक करामत पाहा. पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊन वर येते, म्हणूनच बर्फ तळ्याच्या माथ्यावर तरंगतो. उत्तरेकडच्या मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत तलावावर गाडी चालवता येईल इतका जाड बर्फ होतो आणि त्याखाली तळाशी मात्र चार अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक असते. मासे त्यात हिवाळा काढतात. पाण्याची ही एवढीशी वागणूक नसती तर तळी तळापासून गोठली असती. टेनेसी, केंटकी, आर्कान्सासचे मोठे जलाशय सहसा पूर्ण गोठत नाहीत. तिथे पाणी पाच-दहा अंशांवर रेंगाळते. बास अशा वेळी उतरत्या, खडकाळ काठाजवळ राहतो. काठ एकदम खोल उतरत असेल तर त्याला फारसे न पोहताही हवे तेव्हा वर किंवा खाली जाता येते. दुपारी तीन-चार तास ऊन खाऊन खडक कोमट झाला की त्याच्याजवळचे पाणीही थोडे कोमट होते. अर्ध्या-एका अंशाचा फरक. तेवढ्यासाठी मासा वर सरकतो. म्हणून तिथले जाणते गळकरी हिवाळ्यात पहाटे उठत नाहीत. नाश्ता करून, उन्हे वर आल्यावर निघतात. आपल्याकडच्या गरवणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल.

या सगळ्यात एक लहानसा चांदीसारखा मासा महत्त्वाचा आहे, शॅड. आपल्या तारलीच्या नात्यातला. त्याची थ्रेडफिन नावाची जात मूळची उबदार पाण्याची आहे. पाणी पाच-सहा अंशांपर्यंत उतरले की ही जात गारठते आणि मोठ्या संख्येने मरते. पण एकदम मरत नाही. अंग वाकडे होते, एक झटका देते, थोडे पुढे सरकते, थांबते, तरंगत राहते, पुन्हा एक झटका. खाली बसलेल्या बासला हे दिसते. इथे धावावे लागत नाही. थांबलेला घास आहे, फक्त वर सरकून तोंड उघडायचे. होडीतला माणूस दोन हिसके देऊन वीसपर्यंत का मोजतो, ते आता लक्षात येईल. तो मरणाऱ्या शॅडची नक्कल करतो आहे.

ही नक्कल ज्या आमिषाने होते त्याची कहाणी अमेरिकेत नाही, फिनलंडमध्ये सुरू होते. लौरी रापाला नावाचा एक गरीब मासेमार तिथल्या पाइयान्ने सरोवरावर मासे धरून घर चालवत असे. हजारो लहान मासे पोहत असताना मोठा मासा नेमका कोणता धरतो, हे तो होडीतून बघत बसे. त्याच्या लक्षात आले की शिकारी मासा घोळक्यातल्या धडधाकट माशांना सोडून देतो आणि जो थोडा लंगडत, डळमळत चालला आहे त्याच्यावर तुटून पडतो. १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या सुरीने बुचाचा एक मासा कोरला. वर चॉकलेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. वॉर्निश मिळेना, म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. पुढे ओठासारखी लहान पट्टी लावली. ते आमिष ओढले की जखमी माशासारखे डळमळत पोहू लागले. घरच्या गरजेतून निघालेली ही वस्तू होती. विकत घेऊन खायला घालावे एवढे जिवंत आमिष रोज कुठून आणायचे?

पुढे ती अमेरिकेत गेली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' या प्रसिद्ध नियतकालिकात तिच्यावर एक लेख आला. योगायोग असा की त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निधन पावलेली अभिनेत्री मेरिलिन मन्रो होती. अंक प्रचंड खपला, आणि त्याबरोबर फिनलंडच्या त्या लाकडी माशाची मागणी इतकी वाढली की कारखाना पुरा पडेना.

रापालाचा मूळ मासा तरंगायचा. ओढणे थांबवले की वर यायचा. पण हिवाळ्याला लागतो तो न वर येणारा आणि न खाली जाणारा. पाण्यात जिथे सोडला तिथे लटकून राहणारा. असे आमिष पुढे निघाले. लांब, सडपातळ, पोटाखाली दोन किंवा तीन ठिकाणी तीन आकड्यांचे गळ. या प्रकाराला जर्कबेट म्हणतात. यातली चांगली आमिषे आज जपानमध्ये बनतात आणि ती महाग असतात.

इथे मला शिक्षिका म्हणून मौज वाटते. आर्किमिडीजचा नियम आपण फळ्यावर लिहितो आणि मुले पाठ करतात. हा नियम इथे माणसे सुट्टीच्या दिवशी बादलीत तपासतात! आमिषाचे वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकेच असले तर ते लटकून राहणार. कारखान्यातून आलेले आमिष बहुधा थोडे हलके निघते. शिवाय थंड पाणी जास्त घन असते, त्यामुळे घरातल्या कोमट पाण्यात बरोबर लटकलेले आमिष तलावात गेल्यावर हळूहळू वर येऊ लागते. म्हणून जाणकार ते तलावाच्याच पाण्यात तपासतात. पोटाला शिशाच्या पातळ चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावतात, किंवा गळाच्या दांड्याला बारीक तार गुंडाळतात. तुकडा पुढच्या बाजूला लावला तर नाक किंचित खाली झुकते. बऱ्याच जणांना तसेच हवे असते. एका तुकड्याने आमिष वर जाते, दोन लावले तर बुडते, अशा वेळी दुसरा तुकडा कात्रीने अर्धा करायचा. घरातल्या बाईला ही वृत्ती लगेच समजेल. मीठ असेच टाकतात.

तंगुसाचाही हिशेब आहे. साधा नायलॉनचा तंगूस थंडीत कडक होतो आणि रिळावर गुंडाळलेला आकार सोडत नाही. फेकला की स्प्रिंगसारखी वेटोळी होतात. विणलेला धागा मजबूत असतो पण तरंगतो. हिवाळ्यात फ्लुरोकार्बनचा तंगूस पसंत करतात. तो पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतो आणि स्वच्छ पाण्यात कमी दिसतो. जाडीही कमी हवी, कारण जाड तंगूस पाण्याला जास्त अडतो आणि आमिष हव्या त्या खोलीला जात नाही.

हिसका दिल्यावर तंगूस ताणून ठेवायचा नाही, ढिला सोडायचा. ताणलेला राहिला तर आमिष पुढे सरकत राहते आणि मरणाऱ्या माशाचे सोंग संपते. पण ढिला सोडला तर मासा लागल्याचे हाताला कळत नाही. मग डोळ्याने कळते. तंगूस पाण्यात शिरतो त्या बिंदूकडे बघत राहायचे. तो किंचित बाजूला सरकला, किंवा पुढच्या हिसक्याला काठी जड लागली, तर मासा आहे. थंडीतला बास झटका देत नाही. काठीवर ओला कपडा अडकल्यासारखे वाटते. भाचा म्हणतो, पहिल्या हिवाळ्यात असे कितीतरी 'ओले कपडे' त्याने झटकून टाकले.

दहा सेकंद थांबायचे, वीस की तीस? याला उत्तर नाही. पाणी जितके थंड तितके जास्त थांबा, एवढेच सगळे सांगतात. पाच अंशांच्या पाण्यात वीस सेकंद म्हणजे काय, ते करून पाहा. घड्याळ लावा आणि हात न हलवता बसा. पंधराव्या सेकंदाला हाताला खाज सुटते. मोबाईलच्या जमान्यात वाढलेल्या मुलांना तर ही शिक्षाच. माझ्या मते या शौकातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती दुकानात मिळत नाही.

दुकानात बाकी सगळे मिळते, आणि तिथे खिसा सांभाळावा लागतो. रंगीबेरंगी आमिषांनी भरलेल्या भिंती बघितल्या की वाटते, ही मासे पकडण्यासाठी आहेत की माणसे? हिवाळ्याला खरे तर तीन-चार प्रकार पुरतात.

त्यातला एक मला फार आवडला, कारण तो आपल्या बुचाच्या गळाचा सख्खा भाऊ आहे. टेनेसीच्या पूर्व भागात डोंगरांमधल्या खोल, नितळ जलाशयांवर तो रुजला. नाव 'फ्लोट अँड फ्लाय'. दोन ग्रॅमपेक्षाही हलके शिशाचे डोके, त्याला पिसे किंवा केस बांधलेला बारीक गळ, आणि त्याच्या वर अडीच-तीन मीटरवर तरंगणारे बूच. एवढे लांब लटकणारे आमिष फेकायचे म्हणून काठीही नऊ-दहा फुटांची. बूच पाण्यावर पडले की ओढायचे नाही. वाऱ्याने लाटा येतात, बूच डोलते आणि खाली केस लावलेला गळ जागच्या जागी थरथरतो. पाणी शांत असेल तर काठीच्या टोकाने बुचाला जराशी थरथर द्यायची. बूच बुडाले तर मासा लागला हे कोणालाही कळेल. पण बूच आडवे पडले तरी मासा लागलेला असतो. त्याने आमिष तोंडात धरून वर उचललेले असते, म्हणून बुचावरचा भार गेला. खाडीकाठी लहानपणी गरवलेल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही.

त्या गळाला केस किंवा पिसे का, रबर का नाही, यालाही कारण आहे. हरणाचे केस, पिसे पाण्यात जरा हलले तरी श्वास घेतल्यासारखी उमलतात आणि मिटतात. रबराची झालर थंडीत कडक होते, असा गळकऱ्यांचा अनुभव आहे.

दुसरा प्रकार पत्र्याचा. पातळ धातूचे पाते, पुढे शिशाचे वजन. तळाला जाऊ द्यायचे, वीतभर उचलायचे, उचलताना हाताला थरथर जाणवते, मग तंगुसाबरोबर हळू खाली सोडायचे. मासा बहुतेक वेळा खाली येतानाच धरतो. तिसरा 'ड्रॉप शॉट'. यात वजन सर्वांत खाली आणि गळ त्याच्या वर हातभर अंतरावर, म्हणजे वजन तळावर टेकलेले आणि रबराचा बारीक किडा माशाच्या डोळ्यासमोर अधांतरी. ही जपानी गळकऱ्यांकडून आलेली पद्धत. रबराचा तो किडा मात्र अमेरिकन. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये तो घरीच साच्यात ओतून बनवला.

वजनांबद्दल एक गोष्ट. शिसे विषारी आहे. तुटून तळाशी पडलेली शिशाची लहान वजने लून नावाचे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि मरतात. म्हणून न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे. तिथे टंगस्टन किंवा कथिल वापरतात. आपल्याकडे अजून सर्रास शिसेच चालते आणि मुले ते दाताने चेपून तंगुसाला लावतात. ती सवय मोडायला हवी. घरात पक्कड असतेच.

रिळाविषयी थोडेसे. बाससाठीचे आजचे आडवे रीळ ज्या वंशातले आहे, त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावात झाली. जॉर्ज स्नायडर हा तिथला घड्याळजी आणि चांदीचा कारागीर. घड्याळातली दातेरी चाके त्याने रिळात बसवली, म्हणजे मूठ एकदा फिरवली की चकरी अनेकदा फिरे. आजची रिळे एका फेऱ्यात सात-आठ वेळाही फिरतात. हिवाळ्यात मात्र माणसे मुद्दाम पाचच्या आसपासचे मंद रीळ घेतात, म्हणजे हाताला घाई सुटली तरी आमिष धावणार नाही. शून्याखाली गेले की काठीच्या कड्यांत पाणी गोठून तंगूस अडकतो. मग काठीचे टोक पाण्यात बुडवायचे, कारण हवेपेक्षा पाणी उबदार असते! काही जण कड्यांना ओठांचे मलम किंवा स्वयंपाकाचे तेल चोळून ठेवतात.

आता जे सांगणार आहे ते वरच्या सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचे. परदेशी शिकायला, नोकरीला गेलेली आपली मुले हौसेने अशा पाण्यावर जातात. त्यांतल्या कित्येकांना पोहता येते म्हणून ती निर्धास्त असतात. बर्फासारख्या पाण्यात पोहता येण्याचा सुरुवातीला काही उपयोग नसतो. पाण्यात पडल्याबरोबर छाती आपोआप मोठा श्वास ओढते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. हे साधारण पहिले मिनिट. या मिनिटात फक्त श्वास ताब्यात आणायचा, दुसरे काही करायचे नाही. त्यानंतर सुमारे दहा मिनिटे हातापायांत जोर असतो. तेवढ्यात होडीवर किंवा काठावर चढायचे. मग बोटे वळेनाशी होतात. शरीर आतून गारठून शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे माणूस थंडीने मरण्याच्या कितीतरी आधी बुडून मरतो. अंगात तरंगणारे जॅकेट असेल तर ते पहिले मिनिट निभावते आणि उरलेला तास हातात राहतो. जॅकेट होडीत ठेवलेले असून चालत नाही. मुलाने तलावावरचा फोटो पाठवला की माशाची तारीफ नंतर करा, आधी अंगात काय घातले आहे ते बघा. आमच्या आपाने तर भाच्याला सांगूनच ठेवले आहे की बिनजॅकेटचा फोटो तिला पाठवायचा नाही.

आपल्या घरांत यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. मासा कसा लागतो खायला? भाच्याने एकदा मोठ्या बासचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, 'सोडून दिला.' आपाला ते पटेना. खायचा नव्हता तर त्या मुक्या जिवाच्या तोंडात गळ कशाला घातलास? विनाकारण जिवाला त्रास देऊ नये हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, आणि तो प्रश्न मला खोटा वाटत नाही.

तिथे सोडून देण्याची रीत कशी आली, तेही समजून घ्यावे. अलाबामातला रे स्कॉट हा विमा विकणारा माणूस. त्याने १९६७ मध्ये आर्कान्सासच्या बीव्हर तलावावर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि तो पुढे या खेळाचा सर्वांत मोठा संघटक झाला. त्या काळी स्पर्धेत वजन करून झाले की मासे मेलेलेच असत. हजारो माणसे असे करू लागली तर तलाव रिकामे होतील हे त्याने ओळखले. कोलोरॅडोमध्ये ट्राउट पकडून सोडणारे लोक त्याने पाहिले होते. १९७२ पासून त्याने स्पर्धेत मासे जिवंत आणून परत सोडण्याची मोहीम सुरू केली. होडीत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या, मेलेल्या माशाला गुण कापले जाऊ लागले. अंगात जॅकेट घालण्याचा आग्रहही त्याच माणसाचा. आज बहुतेक बासवाले मासा सोडूनच देतात.

पण सोडला म्हणजे जगला, असे नाही. हिवाळ्यात मासा खोल असतो. दहा मीटरवरून त्याला वर ओढले की पोटातली हवेची पिशवी फुगते, कारण वरचा दाब कमी झालेला असतो. बासला ती हवा पटकन बाहेर टाकता येत नाही. सोडला की तो उलटा तरंगत राहतो. काही जण सुईने हवा काढतात, पण अडाणी हाताने सुई भलतीकडे गेली तर मासा आतून फाटतो. शून्याखालच्या हवेत बाहेर धरला तर कल्ले गोठू लागतात. फोटोसाठी मिनिटभर हातात धरलेला मासा खरे तर ते मिनिट श्वासाविना काढतो. म्हणून मला वाटते, सोडायचाच असेल तर फार खोल गळ टाकू नये, हात ओले करून धरावा आणि पाण्यातल्या पाण्यातच गळ काढावा. आणि खायचा असेल तर नियमाने परवानगी असेल तेवढे घरी आणून खावेत, त्यात लाज कसली? जॉर्ज पेरी नावाच्या जॉर्जिया राज्यातल्या विशीतल्या शेतकरी पोराने २ जून १९३२ रोजी माँटगोमेरी लेकवर २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास धरला. जगातला सर्वांत मोठा. मंदीचे दिवस होते. वजनाची नोंद केली, मासा घरी नेला आणि कुटुंबाने तो खाल्ला.

त्या विक्रमाची बरोबरी व्हायला सत्त्याहत्तर वर्षे लागली, आणि ती अमेरिकेत नव्हे तर जपानमध्ये झाली. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी बिवा सरोवरात औंसभराने जास्त वजनाचा बास धरला. विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांचेही नाव राहिले.

पण बास जपानचा नाही. १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीने तो अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला. तिथून तो देशभर पसरला. कुरितांनी आमिष म्हणून वापरलेला ब्लूगिलही अमेरिकन. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तो जपानच्या युवराजांना भेट दिला होता. पुढे सम्राट झालेल्या त्याच युवराजांनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. या दोन माशांनी बिवा सरोवरातले मूळचे मासे फस्त करायला सुरुवात केली. तिथल्या लोकांचा 'फुनाझुशी' हा भातात महिनोन्‌महिने मुरवलेला पारंपरिक पदार्थ ज्या निगोरोबुना माशापासून होतो, तोही घटला. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणारी कुटुंबे अडचणीत आली.

म्हणून बिवा सरोवराच्या शिगा प्रांतात २००३ पासून नियमच आहे की पकडलेला बास परत पाण्यात सोडायचा नाही. अमेरिकेत ज्या कृतीला सभ्यता म्हणतात, ती तिथे नियमभंग ठरते. काठावर जागोजागी पेट्या ठेवलेल्या आहेत. पकडलेला बास त्यात टाकायचा. आणि सरोवराकाठच्या संग्रहालयातल्या उपाहारगृहात त्याच बासचे तुकडे पिठात बुडवून तळतात आणि गरम भातावर घालून वाढतात.